कप सकाळीच फुटतात का?

माझी भाची डॉक्टर आहे. तिच्या मोबाइलवर डॉक्टरांचे अकरा ग्रूप आहेत आणि त्यातल्या नऊंचा आवाज तिने कायमचा बंद करून ठेवला आहे. गेल्या दिवाळीत फराळाला आली तेव्हा एका हाताने चकली खात दुसऱ्या हाताने ती कुणाच्या तरी एक्स-रेवर मत देत होती. मला म्हणाली, "मावशी, तुमच्या वेळी हे काहीच नव्हतं. मग तुम्ही डॉक्टर लोक एकमेकांना विचारायचात तरी कसं?"

मी म्हटलं, "विचारायचोच नाही."

तिला गप्प करायला दिलेलं उत्तर होतं ते, पण माझ्या प्रॅक्टिसच्या पहिल्या दहा-बारा वर्षांपुरतं खरं होतं. पुढे आम्ही विचारायला शिकलो. शिकताना एकदा माझा पाय चांगलाच घसरला आणि लागलं मात्र दुसऱ्याच कुणाला तरी. ती हकिगत मी आजवर कुठे छापली नव्हती.

नाशिकरोडला मुक्तिधामच्या मागच्या गल्लीत माझा दवाखाना होता. दहा बाय बाराची खोली, हिरवा पडदा, पडद्याआड तपासायचं टेबल आणि बाहेर दोन बाकडी. तिथे मी तीस वर्षं बसले. फॅमिली डॉक्टर म्हणजे सर्दी-खोकल्याचा डॉक्टर, असा अनेकांचा समज असतो. तो आम्ही मुद्दाम खोडून काढत नाही, कारण निम्मा दिवस सर्दी-खोकल्यातच जातो. पण आमचं खरं काम वेगळं आहे. सासूचे गुडघे, सुनेची ॲसिडिटी आणि नातवाचं शाळेत न जाणं यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, हे स्पेशालिस्टला कधीच कळणार नाही. आम्हाला कळतं, कारण तिघेही एकाच रिक्षातून आमच्याकडे आलेले असतात.

या कामात माणसांची कमी कधी पडली नाही, पण विचारायला कुणी नव्हतं. समोर बसलेल्या पेशंटला नेमकं काय झालंय हे कळलं नाही, तरी शेजारच्या गल्लीतल्या डॉक्टरला विचारायची लाज वाटायची, कारण तो शेवटी शेजारच्या गल्लीतलाच. स्पेशालिस्टला फोन करावा तर तो पूर्ण ऐकून न घेताच म्हणायचा, "पाठवून द्या." नव्वदच्या दशकात आम्हा डॉक्टरांना एकमेकांशी जोडून ठेवणारी एकच व्यवस्था होती, ती म्हणजे औषध कंपन्यांचे फिरते प्रतिनिधी, एमआर. माझ्याकडे एक येत असे. त्याच्या बॅगेत औषधांची सॅम्पलं कमी आणि बातम्या जास्त. "मॅडम, देवळालीत काविळीचे पेशंट वाढलेत. कॅम्पातले सगळे डॉक्टर पाण्याच्या टाक्या बघायला सांगतायत." आरोग्य खात्याच्या आधी मला त्या माणसाकडून कळायचं. आज त्याला सोशल मीडिया म्हणतील, आम्ही त्याला चहा पाजत होतो.

दोन हजार सालानंतर गल्लीच्या तोंडाशी सायबर कॅफे निघाला. चालवणारे पवारकाका पोस्टातून निवृत्त झालेले होते. त्यांनी जिन्याखालच्या जागेत पाच कॉम्प्युटर मांडले होते आणि तिथे त्यांची शिस्त टपाल कचेरीची होती. मोठ्याने बोलायचं नाही, रांग मोडायची नाही. त्याच सुमाराला माझ्या एका वर्गमित्राने आम्हा फॅमिली डॉक्टरांचा एक ई-मेलचा ग्रूप काढला. एकाने पत्र टाकलं की ते सगळ्यांना जायचं. नाव ठेवलं 'कट्टा'. घोटी, सटाणा, त्र्यंबक, सिन्नर, कुठले कुठले चाळीसेक डॉक्टर त्यावर जमले. दुपारी दोन ते चार दवाखाना बंद असायचा, तेव्हा मी पवारकाकांच्या जिन्याखाली जाऊन बसू लागले. मराठी रोमन अक्षरांत लिहायचो, त्यामुळे आलेलं पत्र मोठ्याने वाचल्याशिवाय अर्थ लागायचा नाही. मोठ्याने वाचलं की पवारकाका चष्म्यावरून बघायचे.

पण त्या कट्ट्याने मला माणसात आणलं. एका पावसाळ्यात सांधे धरून ठेवणाऱ्या तापाचे पेशंट यायला लागले. औषधांनी ताप उतरायचा, माणूस मात्र म्हाताऱ्यासारखा वाकून चालायचा. मी लिहिलं, तर दुसऱ्या दिवशी सटाण्याच्या डॉक्टरने दोन शब्दांत कळवलं, "आठे बी तेच शे." इकडेही तेच आहे. तेवढ्याने सुद्धा धीर आला. आपण एकटे चुकत नाही आहोत हे कळणं आमच्या धंद्यात फार मोठी गोष्ट असते. एकदा त्र्यंबकेश्वरला दर्शनाच्या रांगेत माझे एक पेशंट, सत्तरीचे आजोबा, चक्कर येऊन बसले. तिथल्या डॉक्टरने विचारलं, कुठल्या गोळ्या घेता? आजोबा म्हणाले, "नाशिकरोडच्या बाई देतात ती पिवळी." तो डॉक्टर कट्ट्यावरचा. त्याने लगेच मला फोन केला, पिवळीचं नाव विचारलं आणि आजोबा संध्याकाळच्या बसने आपल्या पायांनी घरी आले. याचा अभिमान मला तेव्हाही होता आणि अजून आहे.

आणखी एका गोष्टीचा अभिमान होता, आमच्या लिहिण्याचा. हॉस्पिटलवाल्यांची केस चार ओळींची असते. वय, लिंग, तक्रार, रिपोर्ट. आमची केस दीड पानाची. घरात कोण कोण आहे, नवरा काय करतो, सून माहेरी का गेली, सगळं यायचं. माणूस घरासकट समजून घ्यायचा, हे आमचं ब्रीद. ग्रूपवर नियम एकच होता, पेशंटचं नाव लिहायचं नाही. तो आम्ही काटेकोर पाळत होतो आणि आपण फार जबाबदारीने वागतो आहोत अशी आमची पक्की समजूत होती.

दोन हजार तीनच्या सुमाराला मनीषा गांगुर्डेला तिचे वडील माझ्याकडे घेऊन आले. एकलहऱ्याच्या वसाहतीतलं हे कुटुंब पहिल्यापासून माझ्याकडेच येणारं. वडील तिथल्या वीज केंद्रात, थर्मलमध्ये फोरमन, आई घरी, आजी, धाकटा भाऊ फार्मसीला. मनीषाचं बी.एड. होऊन ती शाळेत शिकवायला लागली होती. मुलगी हुशार आणि बोलायला नेमकी. तीन महिन्यांत तिला दोनदा झटका आला होता. हातपाय वाकडे झाले, तोंडाला फेस आला, दहा मिनिटं शुद्ध नव्हती.

"बाई, मिरगी तर नाय ना?" वडिलांनी दाराकडे बघत हळूच विचारलं.

दोन्ही वेळा सकाळ होती आणि दोन्ही वेळा तिचा उपास होता. मी रक्तातली साखर कमी झाल्याचं निदान करून मोकळी झाले. उपास बंद करायला लावले. पुढच्या महिन्यात उपास नसताना तिला तिसरा झटका आला, शाळेत जायला निघताना, अंगणात. मेंदूचा फोटो काढला, तो स्वच्छ. एका मोठ्या डॉक्टरांनी तो बघून "मनावर घेते, लग्न करून टाका" असा सल्ला दिला. मुलीचा चेहरा मी पाहिला आणि मला त्या डॉक्टरांचा फार राग आला. पण मला स्वतःलाही काही कळत नव्हतं.

त्या दुपारी मी जिन्याखाली बसून कट्ट्यावर दीड पान लिहिलं. एकलहऱ्याची वसाहत, वडील राखेच्या विभागात फोरमन, मुलगी तेवीस वर्षांची, शाळेत गणित शिकवते, भाऊ फार्मसीला, लग्नाचं बघतायत. शेवटी जरा गंमत म्हणून आजीचं वाक्यही घातलं. आजी म्हणते, पोरगी धांदरट आहे, महिन्याला दोन कप फोडते. नाव अर्थातच घातलं नाही.

दुसऱ्या दिवशी घोटीच्या डॉ. भोरांचं उत्तर आलं. या माणसाला मी कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांची पत्रं नेहमी मुद्द्याची असायची. या वेळी एकच ओळ होती. "मॅडम, कप सकाळीच फुटतात का?"

मी तिथूनच मनीषाच्या घरी फोन लावला. आजीने घेतला. म्हणाली, "सकाळीच की. उठल्या उठल्या चहाचा कप हातात धरंल आन उडवून टाकंल. हाताला जोर म्हनून नाय."

हात उडतोय हे आजीने दोन वर्षं पाहिलं होतं, मी एकदाही विचारलं नव्हतं. मिरगीच्या एका प्रकारात झोपेतून उठल्यावर तासाभरात हात असे अचानक उडतात आणि जागरण झालं असेल तर मोठा झटका येतो. मनीषाने तिन्ही वेळा आदल्या रात्री पेपर तपासले होते. मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडे पाठवलं, मेंदूचा आलेख निघाला, निदान पक्कं झालं. रोज गोळी घ्यायची आणि पुरेशी झोप घ्यायची. झटके थांबले, हात उडायचा थांबला. आजीचा मात्र गोळीवर विश्वास नव्हता. तिने उरलेले कप माळ्यावर टाकले आणि घरात सगळ्यांना स्टीलच्या फुलपात्रात चहा सुरू केला.

मी कट्ट्यावर भोरांचे जाहीर आभार मानले. चाळीस डॉक्टरांनी वाहवा केली. मीही खूष होते.

सहा-सात महिन्यांनी एका सकाळी दवाखान्यात फोन वाजला. भोरच होते. आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते.

"मॅडम, आत कुणी आहे का?"

"एक आजोबा आहेत, त्यांना ऐकू येत नाही. बोला."

"आमच्याकडे गव्हाणे म्हणून आहेत. भाताची गिरणी आहे. पंधरा वर्षं ते घर माझ्याकडे आहे. त्यांच्या संदीपसाठी मुली बघतायत. काल काकू बीपी दाखवायला आल्या होत्या. म्हणाल्या, एकलहऱ्याची मुलगी सगळ्यांना पसंत आहे. वडील फोरमन, मुलगी शाळेत शिकवते, भाऊ फार्मसीला. एकच खटकलं म्हणाल्या. पाहुण्यांना चहा स्टीलच्या फुलपात्रात दिला, कपबशी काढलीच नाही."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकताय ना, मॅडम? रविवारी सुपारी फोडायचं म्हणतायत. त्याआधी मला म्हणाल्या, डॉक्टर, नाशिकरोडला ओळखीचं कुणी असलं तर मुलीची चौकशी करा."

हे बाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्या भागात स्थळ जुळत आलं की चौकशी करायची कामगिरी हमखास फॅमिली डॉक्टरवर येते. पत्रिका गुरुजी बघतात, घरदार मामा बघतो आणि "आतलं काय ते" डॉक्टरने बघायचं. मी स्वतः अशा कितीतरी चौकशा टोलवल्या आहेत. पण टोलवणं वाटतं तितकं सोपं नसतं.

"तुम्ही गप्प बसा, भोर," मी म्हटलं. मला राग आला होता आणि तो उगाचच त्यांच्यावर निघाला.

"बसतो की. पण मागच्या दोन मुलींच्या वेळी मी दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं, काकू, बिनधास्त पुढे जा. आता मला काही कळलं नाही म्हटलं, तर काकूंना कळायचं ते कळेल."

"मग सगळं छान आहे म्हणून सांगा."

"आणि लग्नानंतर तिची गोळी कोण लिहून देणार? मीच ना? त्या घराचा डॉक्टर मी आहे, मॅडम."

शनिवारपर्यंत थांबा एवढंच मी म्हणू शकले आणि ते हो म्हणाले. फोन ठेवल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही पेशंटला नावाने ओळखतो कुठे? थर्मलवाले, मधुमेहवाल्या काकूंची धाकटी, गिरणीवाल्यांचा थोरला, हीच आमची नावं. चाळीस डॉक्टरांना मी मनीषाचं सगळं दिलं होतं आणि ज्याचा आम्हाला कधी उपयोगच नसतो, ते नाव तेवढं झाकून ठेवलं होतं.

खरं सांगते, मला पहिल्यांदा सुचलं ते असं. गप्प बसावं. भोर काहीतरी गुळमुळीत बोलतील, गव्हाणे पत्रिकेचं कारण सांगतील, स्थळ मोडेल, गांगुर्डे म्हणतील योग नव्हता. माझं पत्र कुणाला कळणारही नाही. दुपारच्या जेवणापर्यंत मी हाच विचार करत होते. मग स्कूटर काढली आणि एकलहऱ्याला गेले.

तो गुरुवार होता. वडील पहिल्या पाळीवरून आलेले, मनीषा नुकतीच शाळेतून आलेली. बाई घरी आल्या म्हणून आईची धावपळ उडाली. मी म्हटलं, आधी बसा. आणि पर्समधून माझ्या पत्राची छापील प्रत काढून मनीषाच्या हातात दिली. पवारकाकांकडून काढून घेतली होती. काय झालं, ते सरळ सांगितलं.

वडिलांना आधी नीट कळलंच नाही. "बाई, गोळी चालू हाय, फीट नाय, मंग सांगायचं कशाला कुनाला?"

"मी आधीच सांगून बसलेय, गांगुर्डे."

ते उठून खिडकीशी गेले. तिकडून म्हणाले, "तुमच्यावर डोळे झाकून इस्वास टाकला व्हता, बाई." आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

मनीषा वाचत होती. रोमन अक्षरांतलं मराठी, ओठ हलत होते. मग तिने शाळेच्या पिशवीतून लाल पेन काढलं आणि एकेका शब्दाखाली रेघ मारत गेली. एकलहरे. राखेचा विभाग. फोरमन. गणित. फार्मसी. लग्न. कप. सात रेघा झाल्यावर कागद माझ्यापुढे ठेवला.

"मॅडम, यातून तुम्ही माझं नाव काढलंय. मी सगळी आहे यात."

"हो. चुकलं माझं."

"पण हे लिहिलं नसतंत तर घोटीच्या डॉक्टरांनी कपाचं विचारलंही नसतं."

"नसतं."

तिने पेनला टोपण लावलं. मग म्हणाली, "मला विचारलं असतंत तर मी हो म्हटलं असतं."

मी इतक्या वर्षांत पेशंटच्या नातेवाइकांच्या शिव्या खाल्ल्या आहेत, एकाने एकदा स्टूल फेकलं होतं. पण या साध्या वाक्यासारखं काही मला लागलं नाही. मला ते विचारायचं सुचलंच नव्हतं. तिच्याच आजाराविषयी मी चाळीस जणांशी बोलले होते, फक्त तिच्याशी नाही.

पुढे काय करायचं ते तिनेच ठरवलं. "त्यांना मीच सांगते. पण इथे नको, बघायला आल्यासारखं नको. तुमच्या दवाखान्यात बोलवा. ते भोर डॉक्टर पण असू देत." वडील नको नको म्हणत होते. तिने ऐकलं नाही.

शनिवारी दुपारी दवाखाना बंद असायच्या वेळात सगळे जमले. मनीषा, वडील, संदीप, त्याची आई आणि भोर. पत्रांवरून मला भोर उंच आणि करारी वाटले होते. प्रत्यक्षात बुटके, घामाघूम आणि माझ्यापेक्षाही घाबरलेले. आम्ही दोघं डॉक्टर बाकड्यावर बसलो आणि मनीषा माझ्या खुर्चीशेजारी उभी राहून बोलली. वर्गात शिकवतात तसं. झटका म्हणजे काय, हात का उडायचा, गोळी कुठली, किती वर्षं, कशाने येतो, आला तर शेजारच्याने काय करायचं. आम्हाला कुणालाही इतकं स्वच्छ सांगता आलं नसतं. संदीप मान खाली घालून ऐकत होता. काकूंनी एकच विचारलं, "आन पोरंबाळं?" भोरांनी सांगितलं, होतात, डॉक्टरांच्या सल्ल्याने आधीपासून काळजी घ्यायची. काकू उठल्या. "आमी इचार करून सांगतो."

या वाक्याचा अर्थ महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. रविवार गेला, सुपारी फुटली नाही. त्या आठवड्यात मी कट्ट्यावर सगळं लिहिलं, माझी चूक आणि ती का चूक होती ते. या वेळी गावाचं नाव नव्हतं, घराचं काही नव्हतं, चार ओळींचं पत्र. शेवटी एक सूचना केली. यापुढे केस लिहायची तर आधी त्या पेशंटला वाचून दाखवायची, तो हो म्हणाला तरच टाकायची. बरीच आरडाओरड झाली. एक जण म्हणाला, पेशंटला वाचूनच दाखवायचं तर मग आपण डॉक्टर कशाला? पाच-सहा जण सोडून गेले. राहिले त्यांनी मात्र पाळलं. आणि त्यातून एक गोष्ट अशी कळली, जी कुठल्या पुस्तकात नाही. वाचून दाखवलं की पेशंट आपली केस दुरुस्त करतो. एक काका सगळं ऐकून मला म्हणाले होते, "बाई, दारू सोडली लिवलंय ते काढा. कमी केली असं लिवा." त्या एका शब्दाने त्यांच्या लिव्हरचा सगळा उलगडा झाला.

त्या शनिवारनंतर अकरा दिवसांनी संदीप एकटाच माझ्या दवाखान्यात आला. रांगेत बसला. नंबर आल्यावर आत येऊन खिशातून कागद काढला. त्यावर प्रश्न लिहिलेले होते.

"मॅडम, भाताच्या हंगामात आमच्या घरात पहाटे तीनला दिवे लागतात. गिरणीचा आवाज असतो. ते तिला चालेल का?"

"नाही चालणार. तिला सलग झोप पाहिजे."

त्याने कागदावर काहीतरी लिहिलं. "मागच्या बाजूला एक खोली आहे. तिकडं आवाज येत नाही. ती आमची करतो."

बाकीचे प्रश्नही असेच होते. विहिरीवर एकटीने जावं का, गोळी विसरली तर काय. आई काय म्हणते ते मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. लग्न मार्गशीर्षात झालं. मला आमंत्रण होतं, मी गेले. भोर आणि मी एका पंगतीला बसलो. मुहूर्त दुपारचा धरला होता आणि हळद सूर्य मावळायच्या आत उरकली होती, हे मला काकूंनी स्वतः येऊन ऐकवलं.

इथे ही गोष्ट संपवली तर छान वाटेल. पण लग्नानंतर मनीषा माझ्याकडे पुन्हा कधी आली नाही. माहेरी आली, साधा ताप आला, तरी नाही. वर्षभराने तिचे वडील बीपी दाखवायला आले. इस्वासाचं बोलणं त्यांच्याकडून पुन्हा निघालं नाही, तो त्यांचा मोठेपणा. मी पट्टा गुंडाळता गुंडाळता विचारलं, मनीषा कशी आहे?

"बरी हाय. भोर डॉक्टरकडं असती." मग म्हणाले, "ती म्हनली व्हती, बाईंनी इचारलं तर सांगा. राग नाय. पन माझं दुखनं आता एकाच डॉक्टरला म्हाईत असू द्या."

तिचं बरोबर होतं. मी मान हलवली आणि त्यांचं बीपी घेतलं.

कट्टा पुढे चार-पाच वर्षं चालला, मग मोबाइल आले आणि तो आपोआप ओस पडला. त्याने वाचवलेली माणसं मला नावानिशी आठवतात आणि फॅमिली डॉक्टरांनी एकमेकांशी बोललंच पाहिजे याबद्दल माझं मत आजही तेच आहे. भाचीच्या मोबाइलवर मी त्या दिवशी डोकावले. एक्स-रेच्या कोपऱ्यात पेशंटचं पूर्ण नाव होतं. तिला म्हटलं, हे झाक. ती म्हणाली, झाकते. मी म्हटलं, आणि त्याला विचार. ती म्हणाली, मावशी, वेळ कुठे असतो?

हा लेख लिहून झाल्यावर मलाही विचारायला हवंच होतं. भोरांकडून मनीषाचा नंबर घेतला. एवढ्या वर्षांत आम्ही बोललो नव्हतो. ती आता मुख्याध्यापिका आहे, दोन मुलं आहेत. मी म्हटलं, तुझ्यावर लिहिलंय, वाचून दाखवते, नको म्हणालीस तर फाडून टाकेन. शाळेची मधली सुट्टी होती, मागे मुलांचा गलका ऐकू येत होता. ती म्हणाली, वाचा. मी पहिल्यापासून इथवर सगळं वाचलं. घंटा होऊन गेली, मागे शांत झालं, तरी ती ऐकत होती.

मी विचारलं, "छापू का?"

"नाव बदला. बाकी राहू द्या, घोटीत सगळ्यांना माहीतच आहे." मग म्हणाली, "एक राहिलंय, मॅडम. त्या गुरुवारी तुम्ही आमच्या घरून गेलात, त्याच्या नंतरचं."

"काय झालं होतं?"

"तुमची स्कूटर वळली आणि मी रडायला लागले. दुसऱ्या दिवशी शाळेत गेले नाही. शनिवारपर्यंत जेवले नाही. तुम्ही मला फार खंबीर लिहिलंय. ते तसं नव्हतं. हे पण घाला."